मार्शल, फेंडर की व्हॉक्स: आवाजात नक्की फरक कशामुळे पडतो?

मध्यलय

मंडळी, नमस्कार. संगीत विभागात पेटी-तबल्यावर भरभरून लिहिलं जातं, पण इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) धड एक धागा सापडला नाही, म्हणून हा प्रपंच.

मी ठाण्यात राहतो. टेलिकास्टर (फेंडरची इलेक्ट्रिक गिटार) वाजवतो. घरी रियाज, सुट्टीच्या दिवशी बँडबरोबर स्टुडिओत. इतके दिवस एका छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर भागवलं, आता व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा) घ्यायचं पक्कं केलंय. सेकंडहँडमध्ये तीन समोर आहेत: फेंडर ब्लूज ज्युनियर, मार्शल डीएसएल ४० आणि व्हॉक्स एसी १५. तिघांच्या किमती उन्नीस-बीस.

माझं पुस्तकी ज्ञान असं: फेंडर म्हणजे स्वच्छ, मार्शल म्हणजे रॉकचा गुरगुराट, व्हॉक्स म्हणजे वरच्या पट्टीतली झणझण. पण प्रत्यक्ष नॉब फिरवून पाहिले तर हे गणित जुळेना. ब्लूज ज्युनियर चांगला खरखरतो आणि मार्शलचा पहिला चॅनल अगदी सोवळ्यात असल्यासारखा वाजतो. मग 'ब्रँडचा आवाज' म्हणतात तो राहतो कुठे? सर्किटमध्ये, व्हॉल्व्हमध्ये, स्पीकरमध्ये, की यूट्यूबवाल्यांच्या तोंडात?

वाजवतो ते ब्लूज, सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी आणि थोडं हार्ड रॉक. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पिकतुट्या

मार्शल. पुढचा प्रश्न?

कोमलरिषभ

पिकतुट्या, तुमच्यासारख्यांमुळेच आमच्या गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. (हलके घ्या.)

तात्या_तारसप्तक

जागा धरून ठेवतो. प्रतिसादांची शंभरी नक्की.

गरमसोल्डर

मध्यलय, तुमचा गोंधळ रास्त आहे, कारण मार्शलचा जन्मच फेंडरच्या पोटी झालाय.

जिम मार्शल हा लंडनचा ड्रमर. ड्रम शिकवायचा, मग हॅनवेलला वाद्यांचं दुकान टाकलं. दुकानात येणारी गिटारवाली पोरं अमेरिकन फेंडर मागायची, आणि इंग्लंडात तो भयंकर महाग पडायचा. म्हणून १९६२ मध्ये केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या बेसमन या ॲम्पचं सर्किट समोर ठेवून जेटीएम ४५ बांधला. जेटीएम म्हणजे जिम अँड टेरी मार्शल, टेरी हा त्याचा मुलगा. सर्किट जवळपास जसंच्या तसं उचललं. बदललं ते मिळणाऱ्या सुट्या भागांमुळे. बेसमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७ होता, यांनी ईसीसी८३ घातला, तिथेच गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) वाढला. ट्रान्सफॉर्मर ब्रिटिश आले. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे स्पीकर. बेसमनमध्ये मागून उघड्या पेटीत १० इंची चार जेन्सन, तर मार्शलकडे बंद पेटीत १२ इंची चार सेलेशन.

आता गंमत बघा. लोक म्हणतात 'मार्शल म्हणजे ईएल३४ व्हॉल्व्ह, फेंडर म्हणजे ६एल६'. पण सुरुवातीच्या जेटीएम ४५ मध्ये ५८८१ होते, म्हणजे ६एल६ चाच दणकट भाऊ. मग केटी६६ आले, ईएल३४ त्यानंतर. आणि तुमच्या यादीतला ब्लूज ज्युनियर फेंडर असून त्यात दोन ईएल८४ आहेत, म्हणजे अगदी एसी १५ सारखेच. दोन्ही १५ वॅट, दोन्हीत १२ इंची एकच स्पीकर. तरी आवाज वेगळा. व्हॉल्व्हच्या नावावरून ब्रँड ओळखणाऱ्यांचं इथेच घोडं अडतं.

मिसळपंथी

थोडक्यात मिसळीसारखं. कट तोच, फरसाण बदललं की गावाचं नाव बदलतं.

कोमलरिषभ

मिसळ मध्ये आणल्याशिवाय आपल्याकडे एक धागा पुरा होईल तर शपथ.

साउथॉलचा_सदू

गरमसोल्डर, मस्त लिहिलंय. मी हॅनवेलच्या शेजारीच राहतो. अक्सब्रिज रोडवर जिथे ते पहिलं दुकान होतं तिथून बस जाते, आणि बसमधल्या निम्म्या आपल्या देशी लोकांना पत्ताही नसतो की जगभरच्या रॉकचा गोंगाट या रस्त्यावरून निघाला.

थोडी भर घालतो. 'द हू' या रॉक बँडच्या पीट टाउनशेंडला ॲम्प आणखी मोठा हवा होता, त्यातून १०० वॅटचा मार्शल आला. त्याला एकाच पेटीत १२ इंची आठ स्पीकर पाहिजे होते. तशा पेट्या बांधल्या, पण उचलणाऱ्या माणसांचे हाल व्हायला लागले. मग आठाच्या पेटीऐवजी चार-चारच्या दोन पेट्या एकावर एक. ज्याला आपण आज 'मार्शल स्टॅक' म्हणतो आणि पोस्टरवर लावतो, त्यामागे हमालांच्या पाठीही आहेत.

आणि हो, मिच मिचेल, हेंड्रिक्सचा ड्रमर, हा जिमच्या दुकानात कामाला होता. त्याच्याच ओळखीने हेंड्रिक्स तिथे पोचला. हेंड्रिक्सचं पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स आणि दुकानदाराचं जेम्स चार्ल्स मार्शल. एवढी नावं जुळल्यावर घासाघीस कोण करणार?

पिकतुट्या

बघा, मी काय म्हणत होतो! आणि मार्शलवाल्यांनी १९५९ सालीच सुपर लीड काढला होता ना?

गरमसोल्डर

नाही हो. १९५९ हा सुपर लीडचा मॉडेल नंबर आहे, साल नव्हे. १९६२ आणि १९८७ हेही मॉडेल नंबरच. क्लॅप्टनने जॉन मेयॉलबरोबर १९६६ च्या रेकॉर्डवर वाजवलेला 'ब्लूजब्रेकर' कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) म्हणजे मॉडेल १९६२. जुन्या मालाच्या जाहिरातींत यावरून भल्याभल्यांना गंडवतात. जेसीएम ८०० चं तर आणखी भारी. जेसीएम ही मालकाची आद्याक्षरं आणि ८०० हा आकडा त्याच्या गाडीच्या नंबर प्लेटवरून घेतला.

शून्य_एक

पॉपकॉर्न घेऊन वाचतोय, पण कोणी तरी बोलायलाच हवं. साल कुठलं चालू आहे? मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घ्या, हेडफोन लावा, आणि तिन्ही ॲम्प खिशात. एनएएम सारखं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. १४-२३ किलोचं धूड चार जिने चढवून काय मिळवणार?

फेंडरनेसुद्धा २०१९ मध्ये टोन मास्टर काढलेच ना. बाहेरून त्यांचाच जुना ट्विन रिव्हर्ब, आत डिजिटल. व्हॉल्व्हचा ट्विन २९ किलोच्या आसपास, टोन मास्टर १५ किलो. खुद्द फेंडरने शरणागती पत्करली, तुम्ही कशाला लढताय?

खर्जातले_काका

शून्य एक, तुमच्या वजनाच्या मुद्द्याला माझ्या कमरेचं अनुमोदन.

मी मुंबईतल्या ऑर्केस्ट्रात हवाइयन गिटार आणि नंतर इलेक्ट्रिक वाजवली. आमच्या वेळी फेंडर आणि व्हॉक्स फोटोतच. आयातीवर निर्बंध, वर जबरदस्त ड्युटी. कुणाचा मामा बोटीवर असला तरच खरा माल. बाकीचे सगळे लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. तिथून ट्रान्सफॉर्मर वाइंड करून आणायचा, बेंगळुरूच्या बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) व्हॉल्व्ह घ्यायचे, सुताराकडून प्लायवुडची पेटी, आणि वर रेक्झिन. सर्किट म्हणाल तर लाउडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरचं. एक ट्रेबल, एक बेस, एक व्हॉल्यूम. कंडेन्सर फुटला की कार्यक्रमात मध्यंतर आधी व्हायचं.

त्या घरगुती ॲम्पचा आवाज कुठल्या ब्रँडचा म्हणायचा? पण हॉलमध्ये मागच्या रांगेपर्यंत स्वर पोचायचा. बीईएलचे जुने ईसीसी८३ आता परदेशातली हौशी मंडळी शोधून शोधून घेतात असं नातू सांगतो. आम्ही ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचो.

मध्यलय

काका, दंडवत. यावर तुम्ही वेगळा लेख लिहाच.

शून्य एक, मॉडेलर मित्राकडे वाजवलाय. आवाज नक्कीच उत्तम. पण मला एक पेटी, चार नॉब, आणि स्क्रीन नको असं आहे. दिवसभर नोकरीत स्क्रीनच बघतो.

डोळेझाक

मूळ प्रश्नाकडे. आमच्या स्टुडिओत आम्ही एक उद्योग केला होता. एकच गिटार, एकच वाजवणारा, तीन वेगवेगळे ॲम्प, पण स्पीकरची पेटी एकच. ऐकणारे पाठ करून बसले. आवाजाची पातळी मीटर लावून सारखी केली, कारण जो किंचित मोठा तो कानाला 'चांगला' वाटतो. निकाल असा की स्वच्छ आवाजात कुणालाच खात्रीने सांगता आलं नाही. खरखर वाढवली तेव्हा थोडा फरक कळला.

मग उलटं केलं. ॲम्प एकच, पेट्या बदलल्या. मागून उघडी पेटी, बंद पेटी, वेगळे स्पीकर. हे मात्र चहा घेऊन आलेल्या पोऱ्यानेही ओळखलं.

हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत): पैसे स्पीकरवर खर्च करा, पाटीवर नाही.

तळहात

डोळेझाक, प्रयोग आवडला, पण त्यात एक खोट आहे. ऐकणारे पाठ करून बसले होते, वाजवणारा नाही. वाजवणाऱ्याला विचारलंत का?

ॲम्प कानाला कळतो त्याच्या आधी हाताला कळतो. जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये रेक्टिफायरसुद्धा (एसीचं डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचाच, उदाहरणार्थ जीझेड३४. तार जोरात छेडली की सगळे व्हॉल्व्ह एकदम करंट मागतात, रेक्टिफायरवर व्होल्टेज पडतं आणि ॲम्प क्षणभर दबतो. मग स्वर फुगून वर येतो. त्याला सॅग म्हणतात. ट्विन रिव्हर्बमध्ये सिलिकॉन डायोड आणि तगडा पॉवर ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे तो दबतच नाही. तुम्ही जसं छेडाल तसं तोंडावर फेकतो, चुकासकट. ऐकणाऱ्याला हा फरक फारसा कळणार नाही, पण वाजवणारा त्यामुळे वेगळं वाजवायला लागतो. मी ट्विनवर कमी स्वर घेतो, हे मलाच नंतर रेकॉर्डिंग ऐकून समजलं.

डोळेझाक

तळहात, हा मुद्दा मान्य. वाजवणाऱ्याचे डोळे बांधले नव्हते. पण वाजवणारा वेगळं वाजवतो याचं श्रेय ॲम्पला द्यायचं की समोर दिसणाऱ्या सोनेरी अक्षरांना?

तळहात

ते त्याच्या बायकोला विचारा, बिल तिने बघितलंय.

गरमसोल्डर

स्पीकरचा वाटा मोठा, याला +१. पण सर्किटला इतकंही कमी लेखू नका. तीन गोष्टी सांगतो, जमेल तितक्या सोप्या करून.

पहिली, ट्रेबल-मिडल-बेसचे नॉब सर्किटात कुठे बसतात. १९६३ नंतरच्या काळ्या पॅनेलच्या फेंडरमध्ये ते पहिल्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, व्हॉल्यूमच्याही आधी. मार्शल आणि जुन्या बेसमनमध्ये ते गेनच्या पायऱ्यांनंतर. शिवाय काळ्या फेंडरच्या आवाजात मधल्या पट्टीत, साधारण ४००-५०० हर्ट्झच्या आसपास, खोल खड्डा असतो. म्हणून तो मोकळा, स्वच्छ वाटतो. मार्शलचा खड्डा उथळ आणि थोडा वर सरकलेला, म्हणून त्याची मधली पट्टी अंगावर येते. बँडमध्ये गिटार 'कापून बाहेर' येते ती या मधल्या पट्टीमुळे. फेंडरच्याच डीलक्स रिव्हर्बला तर मिडलचा नॉबच नाही.

दुसरी, निगेटिव्ह फीडबॅक. आउटपुटमधला थोडा सिग्नल उलटा फिरवून मागे आणायचा, की आवाज घट्ट आणि सरळ राहतो, आणि फाटतो तेव्हा एकदम फाटतो. ट्विनमध्ये हा आहे. व्हॉक्सच्या एसी १५ आणि एसी ३० मध्ये तो नाही, वर बायस (व्हॉल्व्हमधून स्थिर करंट किती वाहावा याची बांधणी) कॅथोडवर. त्यामुळे स्वच्छ आणि खरखरीत यांच्यामध्ये तिथे भिंत नाही, उतार आहे. बोटांच्या जोरावर तुम्ही वर-खाली करत राहता. माझ्या लेखी व्हॉक्सची खरी ओळख ही आहे, 'झणझण' ही नंतरची गोष्ट.

तिसरी म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. यावर मी लिहायला लागलो तर सकाळ होईल.

पिकतुट्या

गरमसोल्डर, मान्य. पण मग फेंडर खरखरतच नाही की काय?

गरमसोल्डर

खरखरतो की! नील यंग आयुष्यभर फेंडरच्या जुन्या ट्वीड डीलक्सवर वाजवत आलाय, आणि तो आवाज ऐकून कुणी 'स्वच्छ' म्हणेल तर मी सोल्डरिंग खाली ठेवतो. क्वीन बँडचा ब्रायन मे एसी ३० ला ट्रेबल बूस्टर (तार पट्टी वाढवणारं पेडल) लावून पार शेवटापर्यंत ताणतो. म्हणजे व्हॉक्स 'झणझणीत स्वच्छ' हेही अर्धंच खरं. ब्रँडची प्रतिमा ही त्यांच्या एखाद-दुसऱ्या गाजलेल्या ॲम्पवरून बनते, आणि मग सगळ्या खानदानाला तेच आडनाव चिकटतं.

म्हापशाचो_बेसिस्ट

मी बेस वाजवतो म्हणून बाजूला बसून ऐकत होतो. एक गोष्ट कोणी बोललंच नाही. हवा!

आमच्याकडे पावसाळ्यात ॲम्पच्या नॉबमधून खर्रर्र यायला लागतं. कापडावर बुरशी. व्हॉल्व्हच्या पिना काळ्या पडतात. तियात्राच्या दौऱ्यावर टेंपोत सामान टाकून गावोगाव जायचं तर व्हॉल्व्हवाला ॲम्प जपून न्यावा लागतो, कार्यक्रम संपल्यावर निवल्याशिवाय हलवायचा नाही. म्हणून आमच्या बँडच्या गिटारवाल्याने रोलंड जेसी-१२० घेतला. १९७५ पासूनचा, पूर्ण ट्रान्झिस्टर. आत ६०-६० वॅटचे दोन वेगळे ॲम्प, दोन स्पीकर. एकातून साधा आवाज, दुसऱ्यातून किंचित हलता, आणि दोन्ही हवेत मिसळतात. तो कोरस पेडलमधून येणं कठीण. 'व्हॉल्व्ह नाही म्हणजे टोन नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा त्यावर साधी मेजर सेव्हन्थ कॉर्ड वाजवून बघावी.

कोमलरिषभ

जेसी-१२० ला माझंही मत. मेटालिकाच्या हेटफिल्डनेसुद्धा स्वच्छ भागांसाठी तो वापरलाय, त्यामुळे रॉकवाल्यांनी नाक मुरडू नये. फक्त त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन कधीही चालू करू नये. ते बटण शत्रूसाठी ठेवलंय.

मध्यलय, तुम्ही फ्लॅटमध्ये राहता हे सगळेच विसरले. डीएसएल ४० घरी कुठे लावणार? शेजारी चांगले आहेत का?

सूक्ष्म_वॅट

कोमलरिषभताईंनी खरा मुद्दा काढला. वॅटबद्दल मोठा गैरसमज आहे. १०० वॅट म्हणजे ५० वॅटच्या दुप्पट मोठा आवाज नव्हे. फरक फक्त ३ डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायचं तर वॅट साधारण दहापट लागतात. म्हणजे १५ वॅटचा व्हॉक्स आणि ४० वॅटचा मार्शल यांत घरात बसून काहीच सोय होत नाही, दोन्ही खालच्या मजल्यावर पोचणार.

आणि स्पीकरचीही संवेदनशीलता असते. सेलेशनचा ग्रीनबॅक एक वॅटला एक मीटरवर ९८ डेसिबल, व्हिंटेज ३० हा १००. म्हणजे नुसता स्पीकर बदलून २ डेसिबल फुकट. साध्या हिशोबाने ५ वॅटचा ॲम्पसुद्धा एक मीटरवर १०५-१०७ डेसिबलपर्यंत जातो. ठाण्याच्या हॉलमध्ये तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी हजर.

दुसरं असं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तार कमी ऐकू येतात, मधलीच पट्टी उरते. म्हणून रात्री घरी बसवलेलं सेटिंग स्टुडिओत कर्कश आणि गुबगुबीत लागतं. ॲम्प घरी हळू वाजवून निवडू नका. जिथे आणि जितक्या जोरात वाजवणार, तिथेच ऐका.

शून्य_एक

हेच तर म्हणतोय, हेडफोन! ऐका माझं!

तात्या_तारसप्तक

गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीतली बेंजो पार्टी टेंपोवर कर्णे लावून काय आवाज काढते! तिथे मार्शल, फेंडर दोन्ही पाणी भरतील. तो बेंजो ज्या पद्धतीने फाटतो ना, ते डिस्टॉर्शन कुठल्या पेडलमध्ये मिळतं सांगा.

खर्जातले_काका

तात्या, हसण्यावारी नेऊ नका. पिकअप लावलेला बुलबुलतरंग, त्यापुढे सहन होईल त्याहून जास्त रेटलेला ॲम्प्लिफायर, त्यापुढे कर्णा. कर्ण्यात खर्ज नाहीच, सगळी मधली पट्टी. म्हणून तो ढोल-ताशाच्या वर ऐकू येतो. गरमसोल्डरांनी मार्शलबद्दल जे सांगितलं तेच तत्त्व आहे.

तळहात

काकांनी तात्यांना ब्रिटिश टोनच्या पंगतीला बसवलं. धन्य.

फेज_न्यूट्रल

अवांतर वाटेल, पण सेकंडहँड व्हॉल्व्ह ॲम्प घेणाऱ्याने हे वाचाच.

बऱ्याच जुन्या घरांत आणि हॉलमध्ये अर्थिंग नावालाच असतं. तिसरी पिन असते, मागे वायर नसते. अशा वेळी तुम्ही गिटार हातात घेऊन माइकला ओठ लावलात की चुरचुरतं, कधी चांगलाच झटका बसतो, कारण गिटारच्या तारा ॲम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात आणि माइक वेगळ्या सिस्टीमला. आमच्या गायकाच्या मिशीतून ठिणगी निघालेली मी पाहिलीये. आधी टेस्टर लावा, अर्थिंग तपासून घ्या. घुं घुं आवाज येतो म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग भेटतील, त्यांचं ऐकू नका.

आणि मागचं झाकण उघडून 'बायस सेट करतो' म्हणत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. आत शेकडो व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये बराच वेळ राहू शकतात. एका दुरुस्तीवाल्याने माझा ॲम्प महिनाभर ठेवून 'व्हॉल्व्ह बदलले' म्हणून पैसे घेतले होते. उघडून बघितलं तर जुनेच, पुसून चकचकीत केलेले. तेव्हा व्हॉल्व्ह देताना त्यांचे फोटो काढून ठेवा.

मध्यलय

इतकी माहिती येईल असं वाटलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

सूक्ष्म वॅट यांचा सल्ला ऐकून विकणाऱ्यांशी बोललो आणि शनिवारी तिन्ही ॲम्प आमच्या रियाजाच्या स्टुडिओत जमवले. ड्रमर आणि बेसवाला वाजवत असताना आलटून पालटून लावले.

ब्लूज ज्युनियर एकटा फार गोड, पण ड्रमर जोरात आला की पेटी लहान असल्याचं जाणवतं, खर्ज गुदमरतो. डीएसएलचा स्वच्छ चॅनल मला घरच्यापेक्षा कितीतरी जास्त आवडला, आणि हार्ड रॉकला दुसरं काही नकोच. पण मी वाजवतो त्यातलं ते वीसेक टक्के असेल. एसी १५ वर मात्र गरमसोल्डर म्हणाले तो उतार सापडला. टेलीचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की जुन्या हिंदी गाण्यांतली ऱ्हिदम, वर नेला की ब्लूज. पेडल न दाबता. दोन ईएल८४ ब्लूज ज्युनियरमध्येही आहेत, पण तिथे हे असं झालं नाही.

ड्रमरला विचारलं, त्याला तिन्ही सारखेच वाटले.

डोळेझाक

ड्रमरचं मत नोंदवून घ्यावं. त्याच्याइतका निष्पक्ष परीक्षक मिळणार नाही.

पिकतुट्या

वीस टक्के हार्ड रॉक? हे प्रमाण वाढवा, मग मार्शल आपोआप परवडेल.

गरमसोल्डर

मध्यलय, पटण्यासारखं आहे. त्या एसी १५ मध्ये स्पीकर कुठला आहे ते मागे वाकून बघा. ग्रीनबॅक असेल तर ठेवा. पुढेमागे हौस आली तर अल्निको चुंबकाचा सेलेशन ब्लू, पण त्याची किंमत ऐकून आधी खुर्चीत बसा. तो १५ वॅटचाच असतो, तेव्हा एकच लावून ॲम्प पूर्ण ताणायचा असेल तर विचार करून. आणि विकत घेण्याआधी अर्धा तास चालू ठेवून व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकं टिचकवा. स्पीकरमधून टणटण आलं तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय, किमतीत पाडून मागा.

मध्यलय

ग्रीनबॅकच आहे. आणखी एक शंका. हा एसी १५ अमेरिकेतून आणलेला आहे, मागे १२० व्होल्ट लिहिलंय. विकणारा सोबत स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) देतोय. चालेल ना?

फेज_न्यूट्रल

चालेल, पण तीन गोष्टी बघा. स्टेपडाउनची क्षमता ॲम्पच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या किमान दीडपट हवी. त्याच्या आउटपुटला खरी तिसरी पिन हवी, नुसतं भोक नको, आणि ती आतून इनपुटच्या अर्थला जोडलेली आहे का ते मल्टिमीटरने तपासा. तिसरं, पाटीवर नुसतं ६० हर्ट्झ लिहिलंय की ५०/६०, ते वाचा. आपल्याकडे ५० हर्ट्झ, त्यामुळे फक्त ६० साठी वाइंड केलेला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. तास-दोन तासांनी हात लावून बघत जा. पुढे कधी २३० चा पॉवर ट्रान्सफॉर्मर टाकून घेतलात तर स्टेपडाउनचं ओझंही जाईल.

मध्यलय

५०/६० लिहिलंय. मग आज संध्याकाळी बयाणा देतो.

म्हापशाचो_बेसिस्ट

अभिनंदन! पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी चालू करा, आतली ओल जाते.

तळहात

मध्यलय, तो डीएसएल ४० तुम्ही घेत नसाल तर विकणाऱ्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मित्रासाठी पाहिजे.

डोळेझाक

'मित्रासाठी'. बरं.

पिकतुट्या

तळहात, रांगेत या, त्याला मी आधीच फोन केलाय.

व्यवस्थापक

खरेदी-विक्रीची बोलणी कृपया 'देणे-घेणे' विभागात करावीत. तात्या तारसप्तक, आपण बेंजोवर वेगळा धागा काढल्यास स्वागत आहे.